दहा आकड्यांवर उभं केलेलं प्राथमिक संख्याशास्त्र: एका सत्राच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र एका सत्रात पुरं करायचं आहे. पद्धत अशी ठरली: एक लहान आकडेसंच घ्यायचा आणि सरासरीपासून टी-चाचणीपर्यंत (सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते पाहणारी चाचणी) प्रत्येक गोष्ट आधी त्याच्यावर हाताने करायची, मग संगणकावर. उत्तरं जुळली तर पुढे जायचं. नाही जुळली तर कारण सापडेपर्यंत थांबायचं, आणि ते कारण इथे लिहायचं. हाच अभ्यास दुसऱ्या कुणाला करायचा असेल तर त्याच्या उपयोगाचा भाग बहुतेक या न जुळलेल्या जागांमध्येच असेल.

आकडेसंच ‘स्लीप’ नावाचा घेतला. मोजमापं १९०५ साली प्रसिद्ध झालेली आहेत. विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली लिहिलेल्या लेखात ती वापरली, आणि टी-चाचणी तिथूनच आली. आर या सॉफ्टवेअरमध्ये हा संच आयता मिळतो. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक औषधाने झोप किती तासांनी वाढली:

पहिलं औषध: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०
दुसरं औषध: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४
फरक (दुसरं वजा पहिलं): १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४

साहित्य: चौकटीची वही, साधा कॅल्क्युलेटर, दहा फासे, दहा नाणी, एक स्प्रेडशीट आणि आर. आर मोफत आहे, लिब्रेऑफिसही मोफत. खर्च वही आणि फाशांपुरताच.

१५ जून

सुरुवातीला सगळ्या सूत्रांचा एक मोठा तक्ता केला होता. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आणि तो निरुपयोगी ठरला. सूत्र ‘कसं मोजायचं’ ते सांगतं, ‘केव्हा’ ते सांगत नाही. परीक्षेतला प्रश्न नेमका दुसऱ्या बाजूने येतो.

तक्ता काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर दोन ओळी लिहायच्या: या तक्त्यातली एक ओळ म्हणजे कोण किंवा काय? आणि हे आकडे कसे गोळा झाले? आपल्या संचात एक ओळ म्हणजे एक रुग्ण, आणि त्याच रुग्णाने दोन्ही औषधं घेतली आहेत. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलं.

१९ जून

फरकांची सरासरी १५.८ ÷ १० = १.५८ तास. इथवर सरळ आहे. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) काढताना दोन ठिकाणी अडकायला झालं.

पहिली अडचण पूर्णांकनाची. सरासरी १.६ धरून विचलनं (प्रत्येक आकडा वजा सरासरी) काढली तर त्यांची बेरीज शून्य न येता −०.२ येते. विचलनांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. त्यासाठी वहीत खास एक रकाना ठेवा. शून्य आलं नाही तर वर्ग करायलाच बसू नका. मधल्या पायऱ्यांत सगळी दशांश स्थळं ठेवायची आणि पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तरात करायचं.

दुसरी अडचण: हाताने १.१७ आलं आणि आरने १.२३ दिलं. फरकांच्या वर्गांची बेरीज ३८.५८, त्यातून २४.९६४ (१५.८ चा वर्ग ÷ १०) वजा, उरले १३.६१६. हे दहाने भागून वर्गमूळ घेतलं की १.१७, नऊने भागून घेतलं की १.२३. दोन्ही गणितं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. हे दहाच रुग्ण म्हणजे सगळं जग असेल तर दहाने भागा. ते मोठ्या समूहातून आलेला नमुना असतील तर नऊने. स्प्रेडशीटमध्ये नावाच्या शेवटी ‘एस’ असलेलं सूत्र एन (आकड्यांची संख्या) वजा एकने भागतं, ‘पी’ असलेलं एनने. आर नेहमी एन वजा एकने भागतं. पायथॉन या संगणकभाषेतलं नमपाय हे साधन वेगळं काही सांगितलं नाही तर एनने भागतं, आणि पांडाज एन वजा एकने. एकाच वर्गात दोघांची उत्तरं न जुळण्याचं हे नेहमीचं कारण.

एन वजा एक का, याचं पुस्तकातलं स्पष्टीकरण वाचून काही पक्कं बसलं नाही. फाशांनी मात्र काम झालं. एका फाशाचं खरं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) माहीत आहे: ३५ ÷ १२, म्हणजे २.९२. आता दोन फासे टाकणं हा दोन आकड्यांचा नमुना समजा. शक्यता फक्त ३६. त्या सगळ्या लिहून काढा. प्रत्येक जोडीचं प्रचरण दोनने भागून काढा आणि ३६ ची सरासरी घ्या: १.४६ येतं, खऱ्याच्या निम्मं. दोनऐवजी एकने भागा: बरोबर २.९२. नमुना स्वतःच्याच सरासरीभोवती मोजला की तो नेहमी असतो त्यापेक्षा घट्ट दिसतो. एन वजा एक ती घट हिशेबाने भरून काढतं. ३६ जोड्या लिहायला अर्धा तास लागतो. तो वाचवू नका.

२४ जून

मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला. फरक चढत्या क्रमाने: ०.०, ०.८, १.०, १.२, १.३, १.३, १.४, १.८, २.४, ४.६. मध्यक १.३. ४.६ काढून टाकला तरी मध्यक १.३ च राहतो, सरासरी मात्र १.५८ वरून १.२४ वर येते. मध्यकाबद्दल एवढं पुरे.

खरा वेळ चतुर्थकांनी (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार समान भाग करणाऱ्या सीमांनी) घेतला. तीन पद्धतींनी तीन उत्तरं:

अर्ध्या भागांचा मध्यक घेण्याची पद्धत: १.० आणि १.८.
स्प्रेडशीटचं ‘इन्क’ सूत्र, आरचं सारांशाचं उत्तरही हेच: १.०५ आणि १.७.
स्प्रेडशीटचं ‘एक्स्क’ सूत्र: ०.९५ आणि १.९५.

यातलं एकही चूक नाही. दोन आकड्यांच्या मधली जागा कशी भरायची याचे हे वेगवेगळे नियम आहेत. शेकड्याने आकडे असतील तर फरक दिसतही नाही. दहा आकड्यांत मात्र निष्कर्ष बदलतो. चतुर्थकांपासून आंतरचतुर्थक अंतराच्या (दोन चतुर्थकांमधल्या अंतराच्या) दीडपटीहून दूर ते आउटलायर, म्हणजे वेगळे पडलेले आकडे, हा नियम लावून पाहा. ४.६ तिन्ही पद्धतींत बाहेर पडतो. पण ‘इन्क’ पद्धतीत खालची सीमा ०.०७५ येते, आणि ०.० हा साधा आकडाही आउटलायर ठरतो. बाकी दोन पद्धतींत तो आतच आहे.

आणखी एक गुंता: आरचा सारांश १.०५ आणि १.७ देतो, पण त्याच आरचा बॉक्स प्लॉट पेटीच्या कडा १.० आणि १.८ वर काढतो. आकृती आणि तक्ता जुळत नाही म्हणून आकडे पुन्हा भरायला घेऊ नका. आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कोणती पद्धत आहे ती पाहा, वहीत नोंदवा आणि परीक्षेत तीच वापरा.

२ जुलै

हिस्टोग्रामसाठी (गटवार वारंवारतेच्या स्तंभालेखासाठी) दहा आकडे अपुरे, म्हणून आरमधला ‘फेथफुल’ संच घेतला. यलोस्टोन उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या उष्ण फवाऱ्याचे २७२ उद्रेक, आणि प्रत्येकानंतर पुढच्या उद्रेकापर्यंतची प्रतीक्षा मिनिटांत.

वीस-वीस मिनिटांचे तीन गट केले: ४० ते ६० मध्ये ८३, ६० ते ८० मध्ये १०५, ८० ते १०० मध्ये ८४. मधोमध उंचवटा, दोन्हीकडे उतार. प्रतीक्षेची सरासरी ७०.९, तीही त्या उंचवट्यात. चित्र पाठ्यपुस्तकातल्यासारखं सुबक, आणि पूर्ण फसवं.

पाच मिनिटांच्या गटांनी तेच आकडे असे पडतात: ४, २२, ३३, २४, १४, १०, २७, ५४, ५५, २३, ५, १. दोन स्वतंत्र शिखरं, एक पन्नाशीच्या पुढे आणि एक ऐंशीच्या आसपास. सर्वांत खोल दरी ६५ ते ७० मध्ये, आणि सरासरी त्या दरीला लागून. म्हणजे ‘सरासरी ७१ मिनिटं थांबावं लागतं’ हे वाक्य हिशेबाने खरं आहे, पण तेवढी प्रतीक्षा क्वचितच होते. म्हणून आता नियम: कोणताही हिस्टोग्राम किमान तीन वेगवेगळ्या गटरुंदींनी काढायचा, आणि सरासरी सांगण्याआधी काढायचा.

सीमेवरच्या आकड्याचंही ठरवून घ्या. वरचे आकडे आरच्या पद्धतीचे आहेत, त्यात नेमकी ७० मिनिटं ही ६५ ते ७० या गटात जातात. नमपाय ती पुढच्या गटात टाकतं. हाताने केलेली वारंवारता आणि संगणकाची जुळत नसेल तर आधी हे तपासा.

९ जुलै

संभाव्यतेचे नियम ठीकठाक पार पडले. सशर्त संभाव्यतेत मात्र सूत्र पाठ असूनही उत्तरं उलटी येत होती: ‘सदोष वस्तू तपासणीत पकडली जाण्याची शक्यता’ आणि ‘पकडलेली वस्तू सदोष असण्याची शक्यता’ यांची अदलाबदल. उपाय सापडला तो टक्के सोडून नग मोजण्याचा. १,००० वस्तू घ्या, २ टक्के सदोष, तपासणी ९५ टक्के सदोष वस्तू पकडते आणि ५ टक्के चांगल्या वस्तूंनाही चुकून सदोष ठरवते. सदोष २०, त्यांतल्या १९ पकडल्या. चांगल्या ९८०, त्यांतल्या ४९ चुकून पकडल्या. एकूण पकडलेल्या ६८, त्यांत खरोखर सदोष १९, म्हणजे २८ टक्के. ९५ नव्हे. आता अशा प्रत्येक प्रश्नात आधी १,००० ची झाडाकृती काढायची, बेजचं (सशर्त संभाव्यता उलटवण्याचं) सूत्र नंतर. परीक्षेत सूत्र लिहावं लागतंच, पण उत्तर आधीच माहीत असतं.

१६ जुलै

सत्रातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा, असं आता ठामपणे वाटतं: नमुन्यांच्या सरासऱ्यांचं वितरण. यापुढचं सगळं यावर उभं आहे, आणि वर्गात याला जेमतेम एक तास मिळतो.

दहा फासे एकदम टाकायचे, सरासरी लिहायची, आलेखाच्या कागदावर तिच्या जागी एक चौकट रंगवायची. चाळीस वेळा. फाशाचे आकडे १ ते ६ सारख्याच शक्यतेचे, म्हणजे मूळ वितरण सपाट. सरासऱ्या मात्र ३.५ भोवती गोळा होतात आणि २ च्या खाली किंवा ५ च्या वर जवळपास जातच नाहीत. सुरुवातीच्या दहाबारा चौकटींत काहीच आकार दिसत नाही. तिथे सोडून देऊ नका.

मग हिशेब. एका फाशाचं प्रमाण विचलन १.७१. दहाच्या सरासरीचं प्रमाण विचलन १.७१ ÷ √१० = ०.५४. यालाच प्रमाण त्रुटी म्हणतात. ‘त्रुटी’ म्हणजे कुणाचं काही चुकलेलं नाही. नमुना बदलला की सरासरी साधारण किती हलते, त्याचं हे माप. चार फाशांनी ते ०.८५ असतं. नमुना चौपट केला की प्रमाण त्रुटी निम्मी होते, दुप्पट करून निम्मी होत नाही.

स्प्रेडशीटवर हेच हजार वेळा केलं: प्रत्येक ओळीत १ ते ६ मधले दहा यादृच्छिक आकडे, अकराव्या रकान्यात सरासरी. हजार सरासऱ्यांचं प्रमाण विचलन ०.५४ च्या अगदी जवळ येतं. अडचण एकच: कुठेही काही टाइप केलं की सगळे यादृच्छिक आकडे पुन्हा बदलतात आणि आधी लिहून ठेवलेलं उत्तर शीटशी जुळत नाही. आकडे तयार झाल्यावर लगेच ते कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवा. आरमध्ये सुरुवातीला सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू) ठरवून द्या, म्हणजे तेच आकडे पुन्हा मिळतात.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांची गल्लत टाळायला प्रत्येक आकड्यासमोर ‘कशाचं’ ते लिहायचं: ‘एका रुग्णाच्या फरकाचं प्रमाण विचलन १.२३’, ‘दहांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ०.३९’.

२८ जुलै

विश्वास अंतराल, म्हणजे खऱ्या सरासरीसाठी नमुन्यावरून काढलेली दोन टोकं. १.५८ ± १.९६ × ०.३८९ केलं तर ०.८२ ते २.३४. आर देतं ०.७० ते २.४६. फरक १.९६ मध्ये आहे: तो आकडा समष्टीचं (नमुना ज्यातून आला त्या पूर्ण समूहाचं) प्रमाण विचलन माहीत असेल तेव्हाचा. इथे ते त्याच दहा आकड्यांतून काढलं, म्हणून ९ स्वातंत्र्यमात्रांचा (इथे एन वजा एक) टी-तक्त्यातला २.२६२ घ्यायचा. स्प्रेडशीटमध्येही यासाठी दोन सूत्रं आहेत, ‘नॉर्म’चं आणि ‘टी’चं, लहान नमुन्याला ‘टी’चंच.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं ते तपासून पाहण्यासारखं आहे. प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून दहा-दहा आकड्यांचे हजार नमुने काढा, प्रत्येकावर १.९६ चा अंतराल बांधा, आणि खरी सरासरी किती अंतरालांत सापडते ते मोजा. ९५ टक्के अपेक्षित, प्रत्यक्षात सुमारे ९२. पाच-पाचचे नमुने घेतले तर सुमारे ८८. म्हणजे ९५ चं आश्वासन आणि पाळलं ८८. गॉसेट यांच्या १९०८ च्या लेखाची गरज नेमकी हीच होती: लहान नमुने आणि विचलन माहीत नाही.

हाच प्रयोग अंतरालाचा अर्थही पक्का करतो. ९५ टक्के हे पद्धतीचं यश आहे: अशा अंतरालांपैकी किती खऱ्या सरासरीला धरतात. ०.७० ते २.४६ हा एक अंतराल हातात आल्यावर ‘खरी सरासरी यात असण्याची संभाव्यता ९५ टक्के’ असं लिहिलं तर गुण जातात. ‘९५ टक्के रुग्णांचा फरक या दोन आकड्यांमध्ये’ हे तर त्याहून चूक. आपल्याच दहांतले ०.० आणि ४.६ बाहेर आहेत.

६ ऑगस्ट

टी-चाचणी. हाताने: १.५८ ÷ ०.३८९ = ४.०६, पी-व्हॅल्यू (फरकच नसता तर असा निकाल येण्याची संभाव्यता) ०.००२८. आरला दोन रकाने देऊन साधी टी-चाचणी चालवली: टी १.८६ (चिन्ह कोणता रकाना आधी दिला त्यावर), पी ०.०७९. एकाच आकड्यांवर ‘फरक स्पष्ट आहे’ आणि ‘सांगता येत नाही’ अशी दोन उत्तरं.

कारण पहिल्या पानावर आहे: एक ओळ म्हणजे एक रुग्ण. आर मुद्दाम सांगितलं नाही तर दोन रकाने म्हणजे दोन वेगवेगळे गट असं धरतं, वीस माणसं असल्यासारखं. या संचात तर रकान्याचं नावच ‘ग्रुप’ आहे, आणि ते दिशाभूल करू शकतं असं संचाच्या माहितीपानावरही लिहिलेलं आहे.

जोडी धरल्याने एवढं का बदलतं तेही हिशेबात दिसतं. पहिल्या औषधाचं प्रचरण ३.२०, दुसऱ्याचं ४.०१. वेगळे गट धरले तर दोन्हींची बेरीज, ७.२१, हिशेबात येते. पण ज्याला पहिल्या औषधाने जास्त झोप लागली त्याला दुसऱ्यानेही लागली. दोन रकान्यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात त्याचं −१ ते १ मधलं माप) ०.८० आहे. तो सामाईक भाग, म्हणजे सहप्रचरणाची (दोन रकाने मिळून किती हलतात त्याच्या मापाची) दुप्पट ५.७०, फरक घेताना वजा होतो आणि उरतं १.५१. टीच्या भागाकारात वरचा १.५८ तोच राहतो, खालचा आकडा ०.८५ वरून ०.३९ वर येतो.

स्प्रेडशीटच्या टी-चाचणीत शेवटचा पर्याय १, २, ३ असा असतो: १ जोडीसाठी, २ सारख्या प्रचरणाच्या वेगळ्या गटांसाठी, ३ वेगळ्या प्रचरणासाठी. घाईत तिथे कोणताही आकडा टाकला तरी उत्तर येतंच, कुठलीही सूचना येत नाही.

१० ऑगस्ट

याच्याच जोडीची एक धोकादायक गोष्ट. मध्यक काढण्यासाठी रकाने चढत्या क्रमाने लावले, तेही वेगवेगळे, आणि शीट तशीच जतन झाली. जोडीची चाचणी पुन्हा चालवली तर टी ९.२७. सरासरी फरक तोच, १.५८, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नाही. प्रत्यक्षात कुणाची झोप कुणाच्या नावावर गेली आहे. क्रम लावल्याने लहान लहानासमोर आणि मोठा मोठ्यासमोर आला, विचलन १.२३ चं ०.५४ झालं, आणि टी खोटा फुगला.

तेव्हापासून पहिल्या रकान्यात रुग्णक्रमांक, मूळ आकड्यांची शीट कुलूपबंद, आणि क्रम लावायचा असेल तर प्रतीवर. हा एक रकाना नंतर खूप वेळ वाचवतो.

१४ ऑगस्ट

पी-व्हॅल्यूचा अर्थ नाण्यांनी. औषधांत काहीच फरक नसेल तर प्रत्येक रुग्णाच्या फरकाचं चिन्ह निव्वळ योगायोग. दहा नाणी टाका, छाप आला तर अधिक, काटा आला तर उणे, आणि फरकांची बेरीज करा. बहुतेक बेरजा −१२ ते १२ च्या आत पडतात. खरी बेरीज १५.८.

टाकत बसण्याऐवजी मोजताही येतं. चिन्हांचे एकूण प्रकार १,०२४. सगळे फरक शून्य किंवा धन आहेत, त्यामुळे १५.८ ही सर्वांत मोठी शक्य बेरीज, आणि ०.० चं चिन्ह काहीही असलं तरी चालतं म्हणून ती दोनच प्रकारांनी मिळते. उलट टोकाला आणखी दोन. ४ ÷ १,०२४ = ०.००३९. टी-चाचणीचे ०.००२८ याच्या शेजारीच आहेत, आणि इथे प्रसामान्य वितरण, टी-तक्ता काहीही लागलं नाही.

यानंतर व्याख्या सरळ लिहिता येते: काहीच फरक नाही असं धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. ‘औषधांत फरक नसण्याची संभाव्यता ०.००२८’ असा अर्थ होत नाही. ९ जुलैच्या उदाहरणातली तीच अदलाबदल इथे पुन्हा होते.

१८ ऑगस्ट

४.६ ठेवायचा की काढायचा? काढला तर सरासरी १.२४ वर उतरते, म्हणून टी कमी होईल असं वाटतं. होतं उलटं: टी ४.०६ वरून ५.६६. कारण प्रमाण विचलन १.२३ वरून ०.६६ वर येतं. एकच मोठा आकडा सरासरी थोडी वाढवतो आणि विचलन जवळपास दुप्पट करतो.

नोंद चुकल्याचा पुरावा नसेल तर आकडा काढायचा नाही. दोन्ही उत्तरं लिहायची. इथे निष्कर्ष दोन्हीकडे एकच आहे, आणि तेच सांगण्यासारखं आहे.

२९ ऑगस्ट

सहसंबंध आणि समाश्रयण (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा), पुन्हा ‘फेथफुल’वर. उद्रेक जितका लांबला तितकी पुढची प्रतीक्षा मोठी: सहसंबंध ०.९०. रेषा: प्रतीक्षा = ३३.४७ + १०.७३ × उद्रेकाची मिनिटं. चार मिनिटांच्या उद्रेकानंतर अंदाज ७६.४ मिनिटं. रेसिड्युअलचं (प्रत्यक्ष वजा अंदाज) प्रमाण विचलन ५.९, म्हणून हा अंदाज पाचसहा मिनिटांनी इकडेतिकडे होणं नेहमीचं.

इथे अडकवणारी गोष्ट म्हणजे रेषा उलटवणं. प्रतीक्षेवरून उद्रेकाची लांबी काढायची म्हणून वरचंच समीकरण फिरवलं तर उतार १ ÷ १०.७३ = ०.०९३ येतो. आर देतं ०.०७५६. दोन्ही रेषा वेगळ्याच असतात: एक उभी अंतरं कमी करते, दुसरी आडवी. दोन उतारांचा गुणाकार १०.७३ × ०.०७५६ = ०.८१, म्हणजे सहसंबंधाचा वर्ग. सहसंबंध नेमका १ किंवा −१ असेल तरच दोन्ही रेषा एक होतात. ज्याचा अंदाज हवा ते नेहमी वाय-अक्षावर.

स्थिरांक ३३.४७ चा अर्थ लावायला जाऊ नका. शून्य मिनिटांचा उद्रेक संचात नाही. सर्वांत लहान १.६ मिनिटांचा आहे.

आलेख न काढता सहसंबंध लिहायचा नाही. फ्रान्सिस अँस्कम्ब यांनी १९७३ साली दिलेले चार लहान संच एकदा हाताने काढाच. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, सहसंबंध ०.८१६, रेषा ३ + ०.५ एक्स. एक सरळ पसरलेला, एक वक्र, एक रेषेवरचा पण एक बिंदू भरकटलेला, आणि एकात एकटा बिंदू सगळी रेषा ठरवतो.

८ सप्टेंबर

काय-वर्ग चाचणी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित वारंवारता ताडणारी) लवकर उरकली. लक्षात ठेवायचं एवढंच: तक्त्यात टक्के भरायचे नाहीत, प्रत्यक्ष संख्या भरायच्या, अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी असलेल्या चौकटी जास्त झाल्या की गट एकत्र करायचे. टक्के भरले तर शेरा येत नाही, उत्तर येतं, आणि ते नमुना शंभरचा असल्यासारखं येतं.

याच दिवशी अनेक चाचण्यांचा हिशेब. ०.०५ ही पातळी ठेवून एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या आणि कुठेच काही फरक नसला, तरी निदान एक ‘लक्षणीय’ निघण्याची संभाव्यता १ − ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ६४ टक्के. प्रकल्पात दहा रकाने एकमेकांशी ताडून पाहिले असतील तर किती ताडले ते अहवालात लिहा.

२० सप्टेंबर

परीक्षेची तयारी. प्रकरणवार उदाहरणं सोडवताना सगळं येत होतं आणि जुन्या प्रश्नपत्रिकेत चाचणी निवडताना अडखळायला होत होतं. प्रकरणाचं नावच उत्तर सांगून टाकतं, हे कारण. म्हणून उदाहरणं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवून एकत्र मिसळली. प्रत्येक कार्डावर गणित सोडवायचंच नाही. फक्त तीन ओळी: एक ओळ म्हणजे काय, मोजलेली गोष्ट संख्या आहे की वर्ग, गट एकच, दोन स्वतंत्र की जोडी. मग चाचणीचं नाव. एका कार्डाला दोन मिनिटं. सर्वांत जास्त चुका ‘जोडी की स्वतंत्र’ इथेच होतात: ‘आधी आणि नंतर’ असे शब्द असले की ओळखू येतं, पण जुळी भावंडं, डावा-उजवा हात, एकाच शेताचे दोन अर्धे भाग, ही पण जोडीच.

२ ऑक्टोबर

अहवालाचं अंतिम वाक्य ठरलं: ‘त्याच दहा रुग्णांत दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप मिळाली (९५ टक्के विश्वास अंतराल ०.७० ते २.४६; जोडीची टी-चाचणी, टी = ४.०६, स्वातंत्र्यमात्रा ९, पी = ०.००२८). एका रुग्णाचा फरक ४.६ तास होता. तो वगळला तरी निष्कर्ष बदलत नाही.’

पहिल्या मसुद्यात फक्त ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून लक्षणीय’ असं होतं. त्यातून फरक किती तासांचा, रुग्ण किती, जोडी होती की नव्हती, काहीच कळत नव्हतं. आता एकक आहे, अंतराल आहे, चाचणीचं पूर्ण नाव आहे. जमा करण्याआधी मूळ फाइलपासून सगळं पुन्हा एकदा चालवून पाहिलं. रुग्णक्रमांक जागच्या जागी आहेत आणि सर्व आकडे जुळतात.